धरून ठेवलेल्या तीन जागा

आई, दिवाळीनंतर मी परतवाड्याच्या स्टँडवर माझ्या लेकीशी भांडले. चारचौघांत, आवाज चढवून. ती पुण्याहून आली होती, सोबत तिची आठ वर्षांची मुलगी. चिखलदऱ्याला जायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, गाडी करू, सकाळी निघू, आरामात येऊ. मी हट्टानं एसटीचं ठरवलं. आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन परतीची चौकशी करून आले, डबा बांधला, नातीला गाविलगडाचे दरवाजे दाखवले. येताना परतवाड्याला गाडी बदलायची होती. अमरावतीची गाडी लागली आणि माणसं दारावर तुटून पडली. माझ्या लेकीनं काही विचार न करता पोरीला उचललं, खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "जा आत, पटकन तीन सीट पकड." पोरगी हसत होती. तिचे पाय आत गेलेसुद्धा होते. मी मागून तिचा फ्रॉक धरला आणि जोरात ओढलं. शिवण उसवली. "आई, काय करतेस? लागलं असतं तिला!" लेक ओरडली. मी म्हटलं, "माझ्यासमोर हे चालणार नाही. उभ्यानं जाऊ, नाहीतर जाऊच नको." आम्ही वलगाव येईपर्यंत दांड्याला धरून उभ्या होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो.

माझ्या घरात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण गंमत म्हणून. लहानपणी आईला बस पळवून घेऊन गेली, असं मुलं सांगतात आणि हसतात. मीच तशी सांगत आले. तुला मात्र ती गंमत म्हणून कधी सांगता आली नाही. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की माझ्या नातीला तुझा फोटो दाखवून तू कोण ते सांगावं लागतं. तरी त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला दुसऱ्या कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

अमरावतीत अंबागेटच्या आतलं आपलं दोन खोल्यांचं घर मला अजून दिसतं. मागे परकोटाची भिंत, तिच्या दगडांतून उगवलेले पिंपळ, पुढे गल्ली. बाबा कापसाच्या जिनात कामाला, हंगामात त्यांना रविवारसुद्धा नसायचा. तू नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. शाळेत तू पुस्तकातली मराठी बोलायचीस, 'येते', 'जाते' म्हणायचीस, आणि गल्लीत पाऊल टाकलं की तुझं 'येतो', 'जातो' सुरू व्हायचं. शनिवारी अर्धी शाळा सुटली की तू थेट स्टँड गाठायचीस. चौकशीच्या खिडकीत मान घालून आधी परतीची गाडी विचारायचीस. "जायाची गाडी कोनीबी सांगते," तू म्हणायचीस, "याची कोनती ते विचाराव मानसानं." मग घरी येऊन दुधात कणीक भिजवायचीस. दशम्या, जवसाची चटणी, फिरकीच्या तांब्यात पाणी, आणि माझ्या धाकट्या भावासाठी लिंबू, कारण त्याला गाडी लागायची. कौंडण्यपूर, रिद्धपूर, मुक्तागिरी, मोझरी. एका दिवसात जाऊन एका दिवसात परत येता येईल असं काहीही तुला चालायचं. रुक्मिणीचं माहेर बघायला म्हणून कौंडण्यपूरला गेलो होतो तेव्हा देवळात आपण थोडाच वेळ थांबलो. बाकी सगळा वेळ तू वर्धा नदीच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसली होतीस आणि आम्हाला कुणी हाक मारली नाही.

बाबांना हे फिरणं पटत नसे. ते वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी जत्रेला म्हणून गेला आणि नदीत बुडाला, तेव्हापासून घरातलं माणूस नजरेआड झालं की ते दारात येऊन गल्लीकडे बघत राहत. ते तुला अडवत नसत, पण शनिवारी रात्री जेवताना त्यांचा घास संपत नसे. "घरी काय कमी हाय तुले?" ते विचारत. तू म्हणायचीस, "कमी काई नाही. पन सारं इथंच हाय, तेच त कमी हाय." शेवटी एक अट ठरली होती: दिवेलागणीच्या आत तिघांनी घरात पाहिजे. एकदा जरी चुकलं, तरी हे बंद. ते हे रागानं म्हणाले नव्हते. त्यामुळंच बहुधा तू ते इतकं मनावर घेतलं होतंस. कुठंही गेलो तरी तुझी नजर उन्हाकडे असायची. आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर पळत असू आणि तू सावली कुठवर आली ते बघत असायचीस.

त्या दिवशी सगळं चुकतच गेलं. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, दिवस लहान झाले होते. चिखलदऱ्याहून उतरणारी गाडी उशिरा सुटली आणि घाटात एका मालट्रकमागे अडकली. भाऊ प्रत्येक वळणावर ओकत होता. तू त्याचं कपाळ धरून बसली होतीस आणि खिडकीतून उन्हाकडे बघत होतीस. परतवाड्याला उतरलो तर स्टँडभर लग्नाची वऱ्हाडं. ट्रंका, वळकट्या, डोक्याला मुंडावळ्या तशाच बांधलेला एक नवरदेव. अमरावतीची पाटी लावलेली गाडी उभी होती आणि दारात माणसावर माणूस. तू माझ्याकडे बघितलंस. तू मला काखेत धरून उचललंस आणि खिडकीतून आत सरकवलंस, मागून पिशवी दिलीस, तुझा रुमाल दिलास. "तीन जागा धर. मी याचं तोंड धुऊन आत्ता येतो. कोनी कितीबी उठ म्हनलं, काई सांगतलं, तरी जागा सोडजो नोको. लोकं जागेसाठी काईबी सांगतात." एवढं बोलून तू भावाला कडेवर घेऊन नळाकडे गेलीस. मी अकरा वर्षांची होते. तुझ्या तोंडून निघालेलं वाक्य मी तेव्हा शाळेतल्या धड्यासारखं पाळत असे.

मी खिडकीशी बसले, मधल्या जागेवर पिशवी ठेवली, कडेच्या जागेवर रुमाल. थोड्या वेळानं खाकी कपड्यातला कुणीतरी दारातून ओरडला, "अमरावतीवाले उतरा! हे गाडी अकोटवरून अकोल्याले चालली! अमरावतीची मागून लागन!" लोक शिव्या देत उठले. समोरच्या सीटवरच्या म्हातारबुवांनी मला विचारलं, "पोरी, तुले कुठं जाचं?" मी म्हटलं, अमरावती. "मंग उतर न माय, हे नाही जात." मी मान हलवली. मला वाटलं, हेच ते. लोक जागेसाठी काहीही सांगतात. ते उतरले आणि त्यांच्या जागेवर लगेच दुसरं कुणी बसलं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की तुझं म्हणणं खरं होतं. नवी माणसं चढली. गाडी खचाखच भरली. एका माणसानं माझा रुमाल उचलून माझ्या मांडीवर टाकला, मी तो पुन्हा जागेवर टाकला. त्यानं पुन्हा उचलला. मी त्या जागेवर आडवी झाले. "कोनाची पोरगी हाय हे? बापाची गाडी हाय काय?" लोक हसले. मी हलले नाही. घंटीची दोरी ओढली गेली, टणटण, आणि गाडी हलली. मला वाटलं, डिझेल भरायला नेत असतील. पुढच्या दाराशी एवढी गर्दी होती की तू चढून तिथंच अडकली असशील असं मी मनाशी ठरवून टाकलं. तुझ्या साडीसारखी एक हिरवी साडी मला माणसांच्या मधून दिसत होती. ती तूच, असं मी धरून चालले.

गावाबाहेर एक बाई माझ्या अंगावरून वाकली आणि पिशवी उचलून बसली. झेंडूची फुलं विकून परत चाललेली माळीण होती, मांडीवर रिकाम्या टोपल्या, हाताला फुलांचा वास. मी म्हटलं, "इथं माझी आई बसणार आहे." ती म्हणाली, "बसू दे न. तुही माय आली का मी उठीन. तवापर्यंत हे लाकूड काय एकट्यानं बसन?" मी पिशवी ओढून मांडीवर घेतली. रुमालाची जागा मात्र मी अजून धरून होते. मग कंडक्टर माणसांतून वाट काढत आला. "तिकीट." मी सांगितलं, आई काढेल. "कुठं हाय आई?" मी पुढे बोट दाखवलं. "कुठं उतरनार तुमी?" मी म्हटलं, अमरावती.

त्याचा चेहरा मला आजही आठवतो. माळणीनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं तिच्याकडे. मग ती टोपल्या बाजूला ठेवून उठली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "या पोरीची माय हाय काय हो गाडीत?" गाडीतली बडबड थांबली. हिरव्या साडीतली बाई वळून बघू लागली आणि ती तू नव्हतीस. माळणीनं पुन्हा विचारलं, "कोनी चढलं काय एका लेकरासंग? लहान पोरगा कडेवर?" इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. कंडक्टर म्हणाला, "आता रस्त्यात कुठं उतरवू इले? अंजनगावले नेतो, तिथून फोन करतो परतवाड्याले." आणि मग माझ्याकडे वळून, चिडून, "सांगतलं होतं न बापा, उतरा म्हनून! ऐकू नाही आलं तुले?" माळणीनं त्याला गप्प केलं. "तिच्यावर काहून ओरडतं? तिले मायनं सांगतलं तसं तिनं केलं. तू तिकडं फोनाचं बघ."

अंजनगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आभाळात थोडा उजेड शिल्लक होता. कंडक्टर मला घेऊन कंट्रोलरच्या खोलीत गेला, मागून माळीणही आली. काळा फोन, चकती फिरवून फिरवून नंबर लागत नव्हता. लागला तेव्हा कंडक्टर ओरडून बोलत होता, "हो, हो, पोरगी हाय आमच्याजवळ! निळा फ्रॉक! मायले सांगा, इथंच हाय म्हनून!" पलीकडून काय म्हणाले ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही, फक्त फोन ठेवताना म्हणाला, "माय तिथं नाही आता. निंगाली म्हनते. कशात निंगाली ते कोनाले मालूम नाही." गाडी अकोटकडे निघून गेली. ती माळीण माझ्याजवळ बाकावर बसून राहिली. तिचं घर गावातच होतं, घरी लेकरं असतील, चूल पेटवायची असेल. कंट्रोलर तिला म्हणाला, बाई, तुमी जा, मी हाय. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुमी असा साहेब. मीबी बसतो."

तुझ्याकडे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, जास्त भावाकडून. नळावरून परत आलीस तर गाडी उभी होती ती जागा रिकामी. आधी तू दुसऱ्या गाड्यांत शोधलंस, मग कुणीतरी सांगितलं की ती गाडी अकोल्याला गेली, वाटेत आधी अंजनगावला थांबेल. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, बाई, पुढच्या गाडीनं जा, मी फोन लावतो. पुढची गाडी कधी, विचारलंस. तो सांगत होता तोवर तू स्टँडच्या बाहेर होतीस. तू रस्त्याच्या मधोमध उभी राहिलीस, भावाला कडेवर घेऊन, दोन्ही हात पसरता येत नव्हते म्हणून एकच हात वर करून. संत्र्यांचा ट्रक होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबून शिवी दिली. भाऊ सांगायचा, तू त्याला म्हणालीस, "शिव्या मंग दे. पहिले अंजनगावले चाल." शाळेतल्या बायका, गल्लीतले लोक, कुणीच तुला असं बघितलं नव्हतं.

त्या ट्रकातून तू उतरलीस ते मी बाकावरून बघितलं. तुझ्या एका पायात चप्पल नव्हती. पदर खांद्यावर नव्हता, केस सुटले होते. तू पळत आलीस आणि माझ्यापाशी येऊन थांबलीस. जवळ घेतलं नाहीस, मारलं नाहीस. माझं मनगट धरलंस, इतकं घट्ट की नखांच्या खुणा दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना झोंबल्या. "उतरली काहून नाही?" तू विचारलंस. मी म्हटलं, "तूच म्हणालीस, जागा सोडू नको." तुझी पकड अजूनच घट्ट झाली. मी रडायला लागले. इतकी रडले की उचक्या लागल्या, आणि माळीण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आली न माय? आता काहून रडतं?" तू तिच्या पाया पडायला वाकलीस तेव्हा तिनं तुला वरच्या वर धरलं.

घरी पोचलो तेव्हा गल्लीतले दिवे केव्हाचे लागले होते. बाबा अंबागेटखाली उभे होते. त्यांनी आम्हा दोघांना हात लावून बघितलं, आधी भावाला, मग मला. सगळं ऐकून घेतलं. "झालं मंग," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात घरात भांड्यांचेच आवाज होते. शाळेतही बातमी पोचली. "मास्तरीनबाई, पोरगी इसरून आल्या म्हने," असं कुणीतरी हसत म्हटलं आणि तू वर्गात तोंडातल्या तोंडात पाढे म्हणत राहिलीस, असं तुझ्या वर्गातल्या मुलीनं मला सांगितलं.

पण रविवारी पहाटे मला दुधाचा वास आला. डोळे किलकिले करून बघते तर तू परातीत कणीक मळत होतीस. बाबा दारात उभे. "कुठं?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "मोझरीले."

"तुले काई वाटते का नाही?"

"आज नाही गेलो, त हे पोरगी जनमभर गाडीले भिऊन राहीन."

बाबा दारातून आत आले. मग हळूच म्हणाले, "पोरगी भिऊन राहिली का तू?"

तुझे हात कणकेतच थांबले. मी अंथरुणात डोळे मिटून पडले होते, पण पापण्यांच्या फटीतून बघत होते. मला वाटलं आता तू परात ढकलशील. तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "मी. मीच भिऊन राहिली." बाबा वळले, आतल्या खोलीत गेले. जिनातून सुट्टी नव्हती त्यांना त्या दिवशी. तरी थोड्या वेळानं ते धुतलेला सदरा घालून बाहेर आले आणि तांब्या कुठं आहे म्हणून विचारलं. ते दिवसभर कुरकुरले. गाडीत खिडकीचा गज सोडला नाही, मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला सगळे डोळे मिटून बसले तेव्हा एकटेच डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत होते. परतीच्या गाडीत मात्र झोप लागली त्यांना, तोंड उघडं टाकून, आणि तू त्यांच्या डोक्यामागे आपला पदर घडी करून ठेवलास.

पुढेही फिरणं चालूच राहिलं. पण तू बदललीस, आई. त्यानंतर तू मला कधी खिडकीतून आत टाकलं नाहीस. गाडीत जागा नसली तर आपण उभ्यानं गेलो, पाय दुखले तरी. आणि स्टँडवर उतरलं की तुझा हात माझ्या मनगटावर यायचा. बाळंतपणानंतर मला सासरी पोचवायला तू अकोल्यापर्यंत आलीस, माझ्या कडेवर माझी लेक, आणि स्टेशनच्या गर्दीत तू लेकीला नव्हे, मला धरलंस. मी चिडून हात सोडवला होता. तू पुन्हा धरलास.

शेवटच्या आजारपणात, दुपारी, खोलीत आपण दोघीच होतो. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "लय भेली अशीन न तू त्या गाडीत?" कोणत्या गाडीत ते तू सांगितलं नाहीस. मी म्हटलं, "नाही गं. आठवतही नाही मला." तू म्हणालीस, "लबाड." मग तुला झोप लागली. मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

परवा लेक पुण्याला परत निघाली. आमचं अजून पुरतं मिटलेलं नाही. जाताना म्हणाली, "आई, तू एवढी घाबरतेस की आता तीपण बसला घाबरायला लागेल." मी उत्तर दिलं नाही, कारण खरं उत्तर मी कुणालाच दिलेलं नाही. हा कागद मी कुणाला वाचायला देणार नाही, आणि तुझ्यापर्यंत तो जायचा नाही, म्हणून इथं लिहून टाकते. गाडीत मी घाबरले नव्हते गं. कंडक्टरचा चेहरा उतरला तेव्हाही नाही, आई गाडीत नाही हे कळलं तेव्हाही नाही. तू येणार याबद्दल मला शंकाच नव्हती. मी खिडकीतून बघत होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोंडं फुटलेली कापसाची पऱ्हाटी, त्यावर तिरपं ऊन, आणि मला ते फार आवडलं होतं. मला भीती वाटली ती तू ट्रकातून उतरून माझ्याकडे पळत आलीस तेव्हा, तुझा चेहरा बघून.